लिव्हर दुखत नाही, म्हणून पाहावे लागते

शंका-समाधान : फॅटी लिव्हर आणि सोनोग्राफी

‘फॅटी लिव्हरबद्दल काही विचारायचे असेल तर लिहा,’ असे आवाहन केल्यावर नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, घणसोली परिसरातून बरीच पत्रे आली. अनेकांनी सोबत सोनोग्राफीच्या रिपोर्टची झेरॉक्सही जोडली आहे. रिपोर्ट वेगवेगळे असले तरी शेवटची ओळ बहुतेकांची सारखी आहे : लिव्हरमध्ये चरबी दिसते, ग्रेड एक किंवा दोन. त्याखालचा प्रश्नही सारखाच आहे. आता घाबरायचे, की कागद फाइलला लावून विसरून जायचे?

मी सोनोग्राफी करणारा डॉक्टर आहे. ही ओळ मी रोज लिहितो आणि ती वाचून पुढे काहीच न करणारी माणसेही रोज पाहतो. लिव्हरच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही. दुखले तर वरचे आवरण ताणले गेल्यावर दुखते, तेही बोथट. चरबी साठली, सूज आली, पुढे वण पडू लागले, तरी माणूस वर्षानुवर्षे कामाला जात राहतो. त्यामुळे लवकर मिळालेल्या या सूचनेचा नीट उपयोग कसा करायचा, ते आलेल्या पत्रांतूनच पाहू.

पत्र १. ‘आजकाल सगळ्यांनाच असतं’

*मी ४१ वर्षांचा आहे. माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये नोकरी, शिफ्ट रात्रीची. वजन ८२ किलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ आलं. एसजीओटी ३६, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २.६ लाख. मधुमेह नाही, दारू घेत नाही. टीममधल्या निम्म्या लोकांचा रिपोर्ट असाच आहे. सगळे म्हणतात, आजकाल सगळ्यांनाच असतं. दुर्लक्ष केलं तर चालेल का?* — आयटी कर्मचारी, ऐरोली

तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०२२ मध्ये जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात प्रौढांमधले फॅटी लिव्हरचे प्रमाण ३८.६ टक्के निघाले. पण एखादी गोष्ट घरोघरी असली म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. रक्तदाबही घरोघरी आहे.

यातल्या बहुतेकांचे लिव्हर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे वणांनी कडक होण्यापर्यंत, जात नाही, काहींचे मात्र जाते. ते कोण, हे ग्रेडवरून कळत नाही. ग्रेड फक्त चरबी किती ते सांगतो. लिव्हरचे पुढचे भवितव्य ठरते ते वणांवर, म्हणजे फायब्रोसिसवर. त्याचा पहिला अंदाज घ्यायला एक साधे गणित आहे, ‘फिब-फोर’. त्याला लागणारे आकडे, म्हणजे वय, प्लेटलेट आणि एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरची दोन एन्झाइमे, तुमच्या पत्रातच आहेत. वयाला एसजीओटीने गुणा : ४१ × ३६ = १४७६. प्लेटलेट हजारांत घ्या, म्हणजे २६०, आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा : २६० × ७ = १८२०. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागले की आले ०.८१.

हे उत्तर १.३ च्या खाली असेल तर गंभीर वण असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरतज्ज्ञांकडे जायलाच हवे. मधले असेल तर पुढची तपासणी हवी. वय ६५ च्या वर असेल तर खालची मर्यादा २ धरतात. पस्तिशीच्या आतल्यांसाठी मात्र हे गणित फारसे भरवशाचे नाही. तुमचा आकडा आज चांगला आहे. दोन-तीन वर्षांनी तो पुन्हा काढा. हिपॅटायटिस बी आणि सीची रक्ततपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली असावी. झाली नसेल तर आता करून घ्या. साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही याच वेळी पाहा, कारण फॅटी लिव्हर असलेल्यांना लिव्हरपेक्षा हृदयाचा धोका अधिक असतो.

आता उपाय. वजन पाच टक्के उतरले की चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के उतरले तर सूज ओसरण्याची चांगली शक्यता असते आणि दहा टक्क्यांच्या पुढे वणही सुधारू शकतात. तुमच्यासाठी पहिला टप्पा चार किलोंचा आणि पुढचा सहा ते आठ किलोंचा. हे वर्षभरात, सावकाश करायचे. रात्रपाळीत मुख्य जेवण घरून निघण्यापूर्वी घ्या. मध्यरात्रीनंतर फुटाणे, ताक, एखादे फळ, अंडे, एवढ्यावर भागवा. पहाटे तीनला मशीनचा गोड चहा, सोबत बिस्किटे, आणि सकाळी कॅबमधून उतरल्यावर वडापाव, ही साखळी आधी तोडा. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे हवेच. वजन ठरल्याइतके उतरले नाही तरी चालण्याचा फायदा लिव्हरला होतो.

पत्र २. आवाजाने चरबी कशी दिसते?

*मी रबाळे एमआयडीसीत तीस वर्षं वेल्डिंगच्या जोडांची अल्ट्रासॉनिक तपासणी केली. आता निवृत्त आहे. लोखंडातली फट आम्ही लहरींनी शोधायचो, पण चरबीला फट नसते, मग ती कशी दिसते? आणखी एक. महिन्याभरात दोन ठिकाणी सोनोग्राफी केली. एकीकडे ग्रेड एक, दुसरीकडे ग्रेड दोन. कोणाचं खरं मानायचं?* — निवृत्त तंत्रज्ञ, घणसोली

काका, तुमचे काम आणि माझे काम एकाच घराण्यातले आहे. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रू गावच्या बॉयलरच्या कारखान्यात नेल्या. धातूतले दोष शोधणाऱ्या तिथल्या यंत्राखाली त्या तपासल्या, तेव्हा पाण्याची गाठ आणि घट्ट गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे निघाले. त्यातूनच पुढे त्यांचा १९५८ चा ‘लॅन्सेट’मधला प्रसिद्ध निबंध आला आणि पोटाची सोनोग्राफी रुजली. तुम्ही प्रोबखाली ग्रीस किंवा तेल लावत होता, आम्ही जेल लावतो. कारण एकच : मध्ये हवा राहिली तर लहर आत जातच नाही. लहरींची वारंवारताही दोन्हीकडे साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या आसपासची.

फरक एवढाच की जोडातली फट एका जागेवरून ठळक प्रतिध्वनी देते. फॅटी लिव्हरमध्ये मात्र पेशीपेशीत चरबीचे सूक्ष्म थेंब असतात. प्रत्येक थेंबावर लहर थोडी थोडी विखुरते. त्यामुळे पडद्यावर सगळे लिव्हरच उजळ दिसू लागते, आणि वरच्या थरातच ताकद खर्ची पडल्याने लहर खोलवर पोचेपर्यंत क्षीण होते. उजळपणा ठरवायला आम्ही शेजारच्या उजव्या किडनीशी तुलना करतो. निरोगी लिव्हर आणि किडनीची बाहेरची कड जवळपास सारख्याच छटेची दिसतात. लिव्हर तिच्यापेक्षा उजळ, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती स्पष्ट, तर ग्रेड एक. भिंती पुसट झाल्या तर ग्रेड दोन. लिव्हरचा मागचा भाग आणि त्यामागचे श्वासपटल अंधारात गेले तर ग्रेड तीन.

आता तुमचा दुसरा प्रश्न. हे सगळे डोळ्यांनी ठरवायचे असते. मशीन निराळे, त्याची उजळपणाची जुळणी निराळी, पोटावरचा चरबीचा थर निराळा. किडनीचाच आजार असेल तर तुलनेचे मापही बदलते. म्हणून एक आणि दोन यांच्यातल्या फरकावर भांडण नको. दोन्ही रिपोर्ट एकच सांगत आहेत : चरबी आहे. शक्य असेल तर पुढची सोनोग्राफी त्याच केंद्रात करा, म्हणजे तुलना तरी सारखी होईल.

सोनोग्राफीची मर्यादाही सांगायला हवी. लिव्हरच्या पाच टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी असली की वैद्यकीय भाषेत ते फॅटी लिव्हर. पण साध्या सोनोग्राफीत चरबी खात्रीने दिसते ती प्रमाण वीस-तीस टक्क्यांच्या पुढे गेल्यावर. त्यामुळे ‘नॉर्मल’ रिपोर्ट म्हणजे चरबी अजिबात नाही असे नव्हे. सूज आणि सुरुवातीचे वण तर तिच्यात दिसतच नाहीत. तरीही ही तपासणी मोलाची आहे. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही, ती गावोगावी मिळते, आणि पित्ताशय, प्लीहा, किडनीही त्याच वेळी पाहून होतात.

पत्र ३. ‘मी बारीक, शाकाहारी. मला कसं झालं?’

*वय ३८, वजन ५२ किलो, उंची पाच फूट एक इंच. घरात सगळे शाकाहारी. पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली तर फॅटी लिव्हर निघालं. सासरी कोणी तोंडावर बोलत नाही, पण लिव्हरचा आजार म्हटला की लोकांच्या मनात एकच येतं. मला फार अपमान वाटतो. आईला मधुमेह आहे. आठवड्यात दोन उपवास करते.* — गृहिणी, ऐरोली

ताई, आधी अपमानाचे बोलू. या आजाराला पूर्वी ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ म्हणत. दारू न पिणाऱ्याच्या आजाराच्या नावातही दारूच होती. २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांच्या संघटनांनी ते नाव बदलले. आता त्याला ‘मेटाबॉलिक डिसफंक्शन असोसिएटेड स्टिएटॉटिक लिव्हर डिसीज’, थोडक्यात ‘मॅसल्ड’, म्हणतात. म्हणजे शरीराच्या चयापचयातल्या बिघाडामुळे लिव्हरमध्ये साठलेली चरबी. घरी कोणी विचारले तर हेच सांगा, आणि गरज पडली तर हा अंक त्यांच्या हातात द्या.

आता बारीक असण्याचे. याचे फार मोलाचे संशोधन आपल्या पुण्यातच झाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षे दाखवून दिले की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असला तरी आतून चरबीदार असू शकतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपला आणि ब्रिटनमधील सहकारी डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या २०१० च्या पाहणीतही फॅटी लिव्हर असलेल्या दर चार जणांपैकी तिघांचा बीएमआय २५ च्या आतच होता.

म्हणून वजनकाट्याबरोबर शिवणकामाची टेपही घ्या. श्वास सहज सोडून बरगडीचे खालचे टोक आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध मोजा. भारतीय बाईसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषासाठी ९० सेंटीमीटर ही मर्यादा. पुढे गेलात तर वजन कमी असूनही पोटात चरबी आहे असे समजा. आईला मधुमेह असल्याने तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, जरूर करा. थायरॉइडही पाहा, आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची शंका डॉक्टरांना बोलून दाखवा.

शाकाहार म्हणजे हलका आहार, हा आपला समज उपवासाच्या दिवशी खोटा ठरतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ. त्यावर बटाटा, तूप, मग केळ्याचे शिकरण आणि चिक्की, एवढे सगळे एका दिवसात होते. उपवास मोडा असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी वरईचा थोडासा भात, दाण्याची पातळ आमटी, काकडी, ताक, एखादे फळ एवढेच ठेवा. एरवी पोळी-भाताची राशी कमी करून मुगाचे, मटकीचे प्रमाण वाढवा. तुम्हाला वजन फारसे घटवायचे नाही, स्नायू कमवायचे आहेत. त्यासाठी चालण्यासोबत आठवड्यात दोन दिवस जोर-बैठकांसारखे ताकदीचे व्यायाम करा.

पत्र ४. ‘चरबी गेली, म्हणजे बाबा बरे झाले ना?’

*बाबा ५८ वर्षांचे, गावी कराडला असतात. बारा वर्षांपासून मधुमेह. दोन वर्षांपूर्वी ग्रेड दोन फॅटी लिव्हर होतं. आता नवीन सोनोग्राफीत चरबीचा उल्लेखच नाही, फक्त ‘लिव्हर थोडं खरखरीत, प्लीहा किंचित मोठी’ असं लिहिलंय. वजन आहे तेवढंच. एसजीओटी ४०, एसजीपीटी २५, प्लेटलेट १.२ लाख. घरी सगळ्यांना आनंद झालाय.* — नोकरदार, ऐरोली

या पत्राचे उत्तर मी अंक छापायची वाट न पाहता आधीच कळवले आहे. इथे देतो ते इतरांसाठी.

वजन घटले नाही, तरी चरबी नाहीशी झाली, हे शुभ लक्षण असेलच असे नाही. वण वाढत जाऊन लिव्हर सिरॉसिसकडे झुकले की काही जणांत चरबी आपोआप विरते. एसजीपीटीसुद्धा नॉर्मल येतो, कारण मोडायला शिल्लक पेशीच कमी राहतात. त्याच वेळी लिव्हरमधून रक्त पुढे जायला अडथळा होतो, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट घटतात. बाबांचे गणित मांडू. ५८ × ४० = २३२०. १२० × ५ = ६००. उत्तर ३.८७, म्हणजे २.६७ च्या बरेच वर. नॉर्मल म्हणून सोडून दिलेल्या आकड्यांतून हे आले आहे.

प्लेटलेट कमी होण्याची दुसरीही कारणे असतात. अलीकडे डेंग्यूचा ताप येऊन गेला असेल तरी ते होते. म्हणून आधी रक्त पुन्हा तपासा, पण त्यासाठी महिने घालवू नका. लिव्हरतज्ज्ञांची वेळ घ्या. ते बहुधा फायब्रोस्कॅन सांगतील. त्यात बरगड्यांच्या फटीतून प्रोब त्वचेवर टेकवून हलका ठोका देतात आणि त्याची कंपने लिव्हरमधून किती वेगाने जातात ते मोजतात. मऊ लिव्हरमधून कंपन सावकाश जाते, वणांनी कडक झालेल्या लिव्हरमधून वेगाने. उत्तर किलोपास्कलमध्ये मिळते. ८ च्या खाली असेल तर गंभीर वण बहुधा नाहीत. त्याच यंत्राने चरबीचेही माप मिळते. तपासणीपूर्वी तीन तास काही खायचे नसते, आणि ती पाच-दहा मिनिटांत होते.

सिरॉसिस ठरलेच तरी हात टेकायचे नसतात. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दुर्बिणीने पाहता येतात, रक्तस्राव टाळण्याची औषधे आहेत, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तर लिव्हरचा कॅन्सर उपचार होण्याजोगा असतानाच सापडू शकतो. बाबांना ऐरोलीला बोलावून घ्या. एकट्याने रिपोर्ट घेऊन हिंडायला लावू नका.

पत्र ५. सोसायटीत सोनोग्राफीचे शिबिर

*आमच्या सोसायटीत १ मे रोजी आरोग्य शिबिर घ्यायचं ठरलं आहे. हॉलमध्ये सोनोग्राफी मशीन आणून सर्व सभासदांचं फॅटी लिव्हर तपासावं असा ठराव झाला. योग्य संस्था सुचवाल का?* — सोसायटीचे सचिव, ऐरोली

तुमच्या ठरावामागची कळकळ मोठी आहे, पण हे शिबिर असे घेता येणार नाही. सोनोग्राफी मशीन कुठेही नेण्यावर गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचे निर्बंध आहेत. अशा कायद्याचा मार्ग महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये देशाला दाखवला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. मशीन नोंदणी झालेल्या जागीच वापरायचे असते. सहज हलवता येणाऱ्या मशीनला फिरत्या वैद्यकीय पथकासारखी मोजकीच परवानगी आहे. तपासणी लिव्हरची असली तरी मशीन तेच असते. आपल्या मुलींसाठी केलेला हा कायदा आहे, तो पाळताना थोडी गैरसोय झाली तर ती सोसावी.

प्रत्येक सभासदाची सोनोग्राफी करण्याची गरजही नाही. तपासणी आधी कोणाची करायची, यावर तज्ज्ञांचे बऱ्यापैकी एकमत आहे : मधुमेही, कमरेचा घेर मर्यादेबाहेर असून सोबत रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल असलेले, आणि ज्यांचे एसजीपीटी पुन्हा पुन्हा वाढलेले येते ते. म्हणून १ मेला हॉलमध्ये टेप, वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र ठेवा आणि साखर, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेटसाठी रक्त घेण्याची सोय करा. आठ दिवसांनी रिपोर्ट वाटताना एका डॉक्टरांना बसवून प्रत्येकाचे फिब-फोर काढा. ज्यांना गरज आहे त्यांनाच नोंदणीकृत केंद्रात पाठवा. सेक्टरातल्या ज्यांना खर्च झेपणार नाही त्यांची यादी घेऊन महापालिकेच्या राजमाता जिजाऊ रुग्णालयात चौकशी करा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह, कॅन्सर, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे, त्यामुळे हा विषय सरकारी व्यवस्थेलाही नवा नाही.

वस्तीत जाऊन लिव्हर तपासण्याची मुंबईतली एक जुनी आठवण इथे सांगावीशी वाटते. बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी दोन रेल्वे वसाहतींतल्या ११६८ रहिवाशांची सोनोग्राफीसह तपासणी केली आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. फॅटी लिव्हर १६.६ टक्के लोकांत निघाले. हे लोक आजारी म्हणून दवाखान्यात आलेले नव्हते, घरोघरी राहणारी साधी कुटुंबे होती. हा श्रीमंतांचा आजार नव्हे, हे तेव्हाच आकड्यांनी दिसले होते. २९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतल्या अतिवृष्टीत डॉ. अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. तुमच्या शिबिरात एका माणसाचे लिव्हर जरी वेळेवर सावरले, तरी ते त्यांच्याच कामाचे पुढचे पाऊल होईल.

पत्र ६. लिव्हर टॉनिक, गुळवेल आणि शनिवारची बैठक

*वय ५०. ग्रेड दोन. मेडिकलवाल्याने लिव्हरचं सिरप दिलं, शेजाऱ्याने गुळवेलीचा काढा सांगितला. शनिवार-रविवार मित्रांसोबत थोडी होते, रोज नाही. आमच्याकडे भात, तांदळाची भाकरी आणि मासळी रोजची. मासे बंद करावे लागतील का?* — वाचक, दिवा गाव

मासे बंद करू नका. बोंबील, मांदेली, खाडीचे निवटे हे उत्तम अन्न आहे. बंद करायची ती तेलात तळलेली तुकडी, आणि कमी करायचा तो भात. तीन भाकऱ्यांच्या जागी एक-दीड, सोबत कालवणातले मासे आणि पालेभाजी, असे ताट करा. सुकट-खारे बोंबील रक्तदाब असेल तर क्वचितच. थंड पेये आणि बाटलीतले फळांचे रस पूर्ण थांबवा, कारण त्यातल्या साखरेची चरबी लिव्हर थेट बनवते. बिनसाखरेची कॉफी चालत असेल तर घ्या. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हरचे वण कमी आढळतात.

सिरपने चरबी विरघळत नाही. ते घेऊन ‘उपचार चालू आहेत’ असे वाटत राहते आणि वर्ष निघून जाते, हे त्याचे मोठे नुकसान. गुळवेलीबाबत सावध राहा. कोरोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असे म्हटले. वाद कोणत्या वेलीचा हा असू द्या. ज्याचे लिव्हर आधीच आजारी आहे त्याने कुंपणावरची वेल कुटून पिण्यात शहाणपण नाही. जे काही घेत असाल, काढा असो की चूर्ण, ते डॉक्टरांना सांगा.

आणि शनिवारची बैठक. चरबीने सुजलेल्या लिव्हरवर दारूचा भार दुप्पट बसतो. दोन दिवसांत एकदम घेतलेली दारू ‘रोज नाही’ म्हणून सौम्य ठरत नाही. वण असतील तर थेंबही नको. तुमचे वण अजून तपासलेले नाहीत, म्हणून तपासून होईपर्यंत तरी पूर्ण थांबवा. मित्र बैठकीला बोलावतील, जा. सोडा-लिंबू घ्या.

योग्य रुग्णांसाठी औषधे आता आहेत. मधुमेहाची, वजन उतरवणारी काही औषधे लिव्हरलाही उपयोगी ठरत आहेत. पण ती कोणाला द्यायची हे डॉक्टर वणांचे माप पाहून ठरवतात. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर ‘लिव्हर खराब होईल’ या भीतीने ती स्वतःहून बंद करू नका.

पत्र ७. बारा वर्षांचा मुलगा

*मुलाचं वजन ६४ किलो आहे. मानेवर काळसर पट्टा आलाय. सोनोग्राफी करावी का? त्याला काय सांगू?* — आई, ऐरोली

मानेवरचा काळा पट्टा मळाचा नव्हे, घासून जाणार नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. आधी बालरोगतज्ज्ञांकडून साखर आणि एसजीपीटी करून घ्या. गरज वाटली तर ते सोनोग्राफी सांगतील. एम्सच्या त्याच आढाव्यात लठ्ठ मुलांपैकी साठ टक्क्यांहून जास्त मुलांत फॅटी लिव्हर आढळले, तेव्हा तुमची काळजी रास्त आहे.

मुलाला मात्र ‘तुला लिव्हरचा आजार आहे’ असे सांगू नका आणि त्याच्या एकट्याचे ताट वेगळे काढू नका. घरात कोल्ड्रिंक आणणेच बंद करा. डब्यात मैद्याच्या बिस्किटांऐवजी थालीपीठ, उकडलेले अंडे किंवा उसळ द्या. क्लास एखादा कमी झाला तरी चालेल, पण संध्याकाळचा तासभर मैदानावर गेला पाहिजे. वाढीच्या वयात वजन आहे तिथेच थांबले आणि उंची वाढली, तरी पुष्कळ साधते.

सोनोग्राफीला जाताना

सहा ते आठ तास उपाशीपोटी या, म्हणजे पित्ताशय भरलेले दिसते आणि आतड्यातला वायू आड येत नाही. पाणी प्यायला हरकत नसते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर सकाळची पहिली वेळ मागा आणि त्या दिवशीचा डोस डॉक्टरांना आधीच विचारा. जुने रिपोर्ट सोबत आणा. तपासणी झाल्यावर ग्रेडखेरीज तीन गोष्टी विचारा : लिव्हरची कड गुळगुळीत आहे का, प्लीहेची लांबी किती, आणि पोटात पाणी आहे का.

शेवटी एक विनंती. आज रात्री जेवणं झाली की कपाटातली रिपोर्टची फाइल काढा. एका कागदावर पाच आकडे लिहा : वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि कमरेचा घेर. वर सांगितलेला गुणाकार-भागाकार घरातल्या शाळकरी मुलाकडून करून घ्या. उत्तर १.३ च्या (वय ६५ च्या वर असेल तर २ च्या) वर आले, किंवा घरात मधुमेह असून हे आकडेच सापडले नाहीत, तर तो कागद घेऊन या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. त्याखाली आले, तर कागदावर तारीख टाका आणि उद्या सकाळी चालायला निघा.